कॅमेरा हातात बसतो म्हणजे काय?

फिल्मचा जुना मॅन्युअल फोकस कॅमेरा घ्यायचं ठरलं की बोलणं लगेच लेन्सवर जातं. पण त्या काळातल्या नावाजलेल्या ५० मिलिमीटर लेन्स एफ/८ वर, म्हणजे छिद्र लहान ठेवून वापरल्या, तर फोटो पाहून कुठला कुणाचा हे ओळखणं मुश्कील. हातात घेतल्यावर मात्र हे कॅमेरे एकमेकांपासून फार वेगळे निघतात, आणि फोटो हुकतो तो बहुधा तिथेच.

फोकस, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि शटरचा वेग, तिन्ही हातानेच ठरवायचे. बहुतेक कॅमेऱ्यांवर वेगाची चकती वर उजवीकडे असते. ती फिरवताना उजव्या हाताची पकड सैल होते आणि बऱ्याचदा डोळाही व्ह्यूफाइंडरवरून (ज्यातून चित्र पाहतो त्या खिडकीवरून) निघतो. ऑलिंपसचे अभियंते योशिहिसा मायतानी यांनी १९७२ च्या एम-१ मध्ये (लायका या कॅमेरा कंपनीने हरकत घेतल्यावर त्याचं नाव ओएम-१ झालं) वेगाचं कडं थेट लेन्सच्या बुडाशी बसवलं. त्याच्या पुढे फोकसचं, टोकाला अ‍ॅपर्चरचं. तिन्ही कामं डाव्या हाताकडे. उजव्याने कॅमेरा धरायचा, बटण दाबायचं, फिल्म पुढे सरकवायची. वरची मोक्याची जागा मिळाली एएसएच्या, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्या आकड्याच्या चकतीला, जी एका रोलला एकदाच लावायची असते! निकॉनच्या निकोरमॅटवर असं कडं १९६५ पासून होतं, हेही सांगायला हवं.

ओएम-१ ची बॉडी जेमतेम ५१० ग्रॅमची. पण हलका म्हणजे चांगलाच, असं नाही. बटण दाबताच एसएलआरचा (लेन्समधलं चित्र आरशातून डोळ्याला दाखवणाऱ्या अशा कॅमेऱ्याचा) आरसा वर आपटतो, आणि तोच धक्का कमी वस्तुमानाच्या बॉडीला जास्त हलवतो. म्हणून त्यात आरशाला हवेचा डँपर (धक्का शोषणारा भाग) दिला होता. १/१५ सेकंदाला जड कॅमेरा हातात स्थिर राहतो खरा, पण दिवसभर गळ्यात वागवून मान अवघडली की ती स्थिरता कसली?

फोकसचं गणित डोळ्याशी आहे. व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी दोन उलट्या उतारांची छोटी प्रिझम असतात. फोकस चुकला की वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून सरकतात, जमला की रेषा जुळते. दोन ठिपके वेगळे दिसायला डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन लागतो. तुटलेली रेषा मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी सरकली तरी कळते. शाळेतला व्हर्नियर याच जोरावर चालतो. मात्र लेन्सचं सर्वांत मोठं छिद्रच एफ/५.६ च्या आसपास असेल, तर या प्रिझमांच्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो.

चित्र मोठं दिसलं तर फोकस सोपा. ओएम-१ मध्ये ५० मिलिमीटर लेन्सला ते नुसत्या डोळ्याला दिसतं त्याच्या ०.९२ पट दिसतं. पण चष्मा असेल तर कोपरे हरवतात. निकॉनच्या एफ३ एचपीत चित्र ०.७५ पटच, पण डोळा २५ मिलिमीटर दूर असूनही पूर्ण चौकट दिसते. चष्मेवाल्यांनी तोच घ्यावा.

डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांनी निकॉन एफएम आधी हाताळून बघावा. त्याचा प्रकाश मोजणारा मीटर चालू करायला फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर थोडा बाहेर ओढून ठेवावा लागतो, आणि तो नेमका उजव्या डोळ्याशी येतो. आणखी एक: निकॉन आणि कॅननच्या फोकसची कडी एकमेकांच्या उलट फिरतात. एकाची सवय झालेला हात दुसऱ्यावर आधी चुकीकडेच वळतो, तेवढ्यात मूल पळून जातं. दोन्ही घरात ठेवू नयेत, असं माझं मत.