बेट्सी रॉस की मेरी पिकर्सगिल? अमेरिकेचा झेंडा शिवणाऱ्या दोघी

न्यू जर्सीला मुलाकडे किंवा लेकीकडे आलेले आपले आईबाबा बहुधा फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन पाहूनच परत जातात. फिलाडेल्फियात आर्च स्ट्रीटवर २३९ क्रमांकाचं विटांचं चिमुकलं घर दाखवतात: बेट्सी रॉसने अमेरिकेचा पहिला झेंडा शिवला तो इथे, असं सांगतात. मग वॉशिंग्टनला, स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात, एका अंधारलेल्या दालनात भिंतीएवढा जुना विरलेला झेंडा समोर येतो आणि मन आपोआप गाठ मारतं, हाच तो बेट्सीचा झेंडा!

तो बेट्सीचा नाही. तो मेरी पिकर्सगिलने बाल्टिमोरमध्ये शिवला, १८१३ साली. बेट्सीची गोष्ट १७७६ ची. मधे सदतीस वर्षं आणि इंग्रजांशी झालेली दोन वेगवेगळी युद्धं आहेत.

गल्लत होणं साहजिक आहे. दोघी विधवा, दोघींनी सुईदोऱ्यावर घर चालवलं, दोघींची घरं आज संग्रहालयं आहेत. शिवाय मेरीचा जन्म फिलाडेल्फियातलाच आणि साल नेमकं १७७६. झेंड्यांवरून मात्र ओळख पटकन पटते. तेरा तारे वर्तुळात मांडलेले असतील, तर त्याला लोक ‘बेट्सी रॉस झेंडा’ म्हणतात. पंधरा तारे आणि पट्टेही पंधरा असतील, तर तो मेरीच्या काळचा. व्हरमाँट आणि केंटकी ही राज्यं सामील झाल्यावर १७९४ च्या कायद्याने दोन तारे वाढवले, तसे दोन पट्टेही वाढवले. पुढे राज्यं वाढतच गेली, म्हणून १८१८ मध्ये पट्टे पुन्हा तेरावर आणले आणि राज्यागणिक फक्त तारा वाढवायचं ठरलं.

आता बेट्सीची गोष्ट. जॉर्ज वॉशिंग्टन, रॉबर्ट मॉरिस आणि बेट्सीचे चुलत सासरे जॉर्ज रॉस असे तिघे काँग्रेसची (म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी प्रतिनिधी सभेची) समिती म्हणून तिच्या दुकानात आले, झेंड्याचं चित्र पुढे ठेवलं. त्यात तारे सहा टोकांचे होते. बेट्सीने कापडाची घडी घातली, कात्रीचा एकच काप दिला आणि पाच टोकांचा तारा उलगडून दाखवला. पाहुणे खूश झाले. घडी नीट घातली तर एका कापात असा तारा खरोखर निघतो, कागद घेऊन करून पाहा. पण ही भेट जगाला कळली ती १८७० मध्ये, बेट्सीच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. तिचा नातू विल्यम कॅन्बी याने पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास मंडळापुढे ती वाचून दाखवली. आधाराला घरच्याच बायकांची शपथपत्रं होती: मुलगी, नात, भाची. काँग्रेसच्या कागदपत्रांत अशा समितीची नोंद नाही, वॉशिंग्टनच्या पत्रांत या भेटीचा उल्लेख नाही.

नोंद आहे ती वेगळी. २९ मे १७७७ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या आरमार मंडळाने ‘एलिझाबेथ रॉस’ हिला जहाजांची निशाणं शिवल्याबद्दल १४ पौंड १२ शिलिंग २ पेन्स दिले. ‘तेरा पट्टे, निळ्यावर तेरा पांढरे तारे’ हा काँग्रेसचा ठराव झाला १४ जूनला, म्हणजे त्यानंतर सोळा दिवसांनी. आराखड्याचं म्हणाल, तर त्याचं श्रेय हयातीतच लेखी मागणारा माणूस दुसराच होता, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा फ्रान्सिस हॉपकिन्सन. त्याने १७८० मध्ये मोबदला म्हणून काँग्रेसकडे सरकारी वाइनचं छोटं पिंप मागितलं. या कामात सल्ला देणारा तू एकटा नव्हतास, असं सांगून ते नाकारलं गेलं.

मला मात्र दंतकथेतल्या बेट्सीपेक्षा खरी बेट्सी फार मोठी वाटते. ती मूळची क्वेकर या ख्रिस्ती पंथातली, गाद्या-पडदे शिवणाऱ्याकडे उमेदवारी केलेली. पंथाबाहेरच्या जॉन रॉसशी लग्न केलं म्हणून पंथाने तिला वाळीत टाकलं. जॉन जानेवारी १७७६ मध्ये गेला. दुसरा नवरा खलाशी होता, तो इंग्लंडच्या तुरुंगात मेला आणि ती बातमी घेऊन आलेल्या त्याच्या सोबतच्या कैद्याशी तिचं तिसरं लग्न झालं. या सगळ्यात दुकान बंद पडलं नाही. म्हातारपणापर्यंत ती झेंडे शिवत होती. एका तासाच्या काल्पनिक भेटीसाठी आपण तिची पन्नासएक वर्षांची मेहनत विसरलो, याचं मला वाईट वाटतं.

मेरी पिकर्सगिलकडे हा धंदा आईकडून आला. आई रिबेका यंग स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात फिलाडेल्फियात झेंडे शिवून विकायची. मेरीचा नवरा १८०५ मध्ये लंडनमध्ये वारला आणि त्यानंतर आई व लहानगी मुलगी कॅरोलाइन यांना घेऊन ती बाल्टिमोरला आली. प्रॅट आणि अल्बेमार्ल रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या घरात तिने दुकान थाटलं. बंदराचं गाव, जहाजांची वर्दळ, त्यामुळे निशाणांना गिऱ्हाईक होतं.

१८१३ च्या उन्हाळ्यात, इंग्रजांशी दुसरं युद्ध चालू असताना, बाल्टिमोरच्या बंदरावरच्या फोर्ट मॅकहेन्री किल्ल्याचा प्रमुख मेजर जॉर्ज आर्मिस्टेड याला इंग्रजांना लांबूनही दिसेल असा प्रचंड झेंडा हवा होता. मेरीला एक मोठा आणि एक वादळी हवेसाठी लहान असे दोन झेंडे शिवायचं काम मिळालं. मोठा ३० फूट बाय ४२ फूट. म्हणजे १,२६० चौरस फूट, मुंबईतलं ऐसपैस दोन बेडरूमचं घर त्याखाली झाकलं जाईल! प्रत्येक पट्टा दोन फूट रुंद, प्रत्येक तारा टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ तेवढाच. यंत्र नाही, सगळे टाके हाताचे. घरात पसरायला जागा पुरेना, म्हणून जवळच्या बिअरच्या कारखान्यातल्या मोठ्या दालनाच्या जमिनीवर झेंडा अंथरून त्यांनी तो जोडला. साधारण सहा-सात आठवड्यांत काम पुरं झालं. पावती शाबूत आहे: मोठ्याचे ४०५ डॉलर ९० सेंट, लहानाचे १६८ डॉलर ५४ सेंट.

शिवायला मेरी एकटी नव्हती. म्हातारी आई, तेरा वर्षांची कॅरोलाइन, दोन भाच्या आणि ग्रेस विशर. ग्रेसही तेराच्या आसपासची, कृष्णवर्णीय. तिच्या स्वतंत्र असलेल्या आईने तिला सहा वर्षांच्या करारावर मेरीकडे ठेवलं होतं, घरकाम आणि साधी शिलाई शिकण्यासाठी. ज्या झेंड्याने पुढे अमेरिकेला ‘स्वतंत्रांच्या भूमी’चं राष्ट्रगीत दिलं, त्याला करारबद्ध मुलीचे हात लागले होते. हे वाचल्यापासून त्या झेंड्याचा विचार मला ग्रेसशिवाय करता येत नाही.

आपल्या आईने रात्री बारा-बारापर्यंत काम केलं, जमिनीवर बसून तारे लावले, ही आठवण कॅरोलाइनने आर्मिस्टेडच्या मुलीला पत्रातून कळवली ती १८७६ मध्ये. कॅन्बीच्या भाषणानंतर अवघ्या सहा वर्षांनी, स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या वर्षी. म्हणजे दोन्ही गोष्टी घरच्यांच्याच आठवणीतून आलेल्या, एकाच काळात. पण मेरीच्या मागे पावती उभी आहे आणि कापड उभं आहे. बेट्सीच्या पहिल्या झेंड्यामागे यातलं काहीच नाही. दोन गोष्टींतला खरा फरक मला इथे दिसतो.

‘अमेरिकेत बनलेला’ या शब्दांतही अशीच एक मेख आहे. मेरीचा झेंडा अमेरिकन हातांनी शिवला, पण त्याचं लोकरी बंटिंग कापड इंग्लंडचं होतं, ज्या देशाशी लढाई चालू होती त्याच देशाचं. असं कापड अमेरिकेत नीट विणलं जाऊ लागलं ते १८६० च्या दशकात, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या गिरणीत. आता २०२४ च्या कायद्यानुसार तिथल्या केंद्र सरकारने विकत घ्यायचे झेंडे पूर्णपणे अमेरिकी मालातून अमेरिकेतच बनलेले लागतात. ही अट तेव्हा असती, तर राष्ट्रगीताला जन्म देणारा झेंडाच तीत बसला नसता.

त्या राष्ट्रगीतातही एक उपगल्लत दडलेली आहे. १३ सप्टेंबर १८१४ पासून इंग्रजी जहाजांनी किल्ल्यावर सुमारे पंचवीस तास तोफगोळे टाकले. त्या पावसाळी रात्री किल्ल्यावर होता तो बहुधा लहान, वादळी झेंडा. मोठा चढला १४ च्या सकाळी, इंग्रज मागे फिरत असताना. एका कैद्याला सोडवायला गेलेला वकील फ्रान्सिस स्कॉट की इंग्रजांच्या पहाऱ्यात जहाजावर अडकला होता. त्याने तो फडकताना पाहिला आणि कविता लिहिली, जी १९३१ मध्ये राष्ट्रगीत झाली. वॉशिंग्टनला आहे तो हा मोठा. आर्मिस्टेडच्या घरच्यांनी आठवण म्हणून त्याचे तुकडे कापून लोकांना दिले, त्यामुळे लांबी आठ फुटांनी घटली आहे आणि एक तारा गायब आहे.

फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला जाताना बाल्टिमोर वाटेतच लागतं. मेरीचं घर तिथे त्याच कोपऱ्यावर आहे. किल्ल्यावर आजही पंधरा ताऱ्यांचा झेंडा रात्रंदिवस असतो. वारा-पाऊस जोराचा असेल तर लहान आकाराचा चढवतात. हवा शांत असेल आणि वेळ जुळली तर मोठ्या झेंड्याची घडी घालायला तिथले कर्मचारी पाहुण्यांनाच बोलावतात. दोन्ही बाजूंना रांगेत उभं राहून ते कापड धरलं, की मेरीला बिअरच्या कारखान्याची जमीन का लागली ते कळतं.