कव्हरला भोक असलेली 'एलपी'

तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याकडून एकवीस रेकॉर्डी उचलल्या, तेव्हा माझी खात्री होती की या कव्हरं हरवलेल्या एलपीच, म्हणजे पाच-सहा गाण्यांच्या बाजूंच्या मोठ्या तबकड्याच आहेत. आकार तोच, बारा इंच. कव्हर म्हणाल तर नुसता काळा नाहीतर पांढरा पुठ्ठा, मधोमध गोल भोक आणि त्यातून डोकावणारं लेबल. फोटो नाही, मागे गाण्यांची यादी नाही. भंगारवाल्याचाही समज तोच, त्यामुळे भावही पडेल. जहाजावर नोकरी केलेल्या कुणाचं तरी नेरूळचं घर रिकामं झालं, त्यातला हा माल, एवढंच त्याला ठाऊक होतं. खोका मांडीवर घेऊन ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाण्याला आलो.

नौपाड्यात घरी येऊन पहिली लावली. एक रॅप गाणं वाजलं. मग तेच गाणं, शिव्या गाळून. मग पुन्हा तेच, पण गाणाराच गायब. बाजू पालटली तर वाद्यं गायब आणि एकटा माणूस तालात बोलतोय. आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "अरे, पिन अडकलीय का बघ. एकच गाणं किती वेळा?"

पिन अडकली नव्हती. जी मी एलपी समजत होतो ती बारा इंची सिंगल होती, म्हणजे एकाच गाण्यासाठी काढलेली मोठी तबकडी. आपल्याकडे हा घोटाळा होणारच, कारण आपल्या घरांतला हिशेब सोपा: मोठी ती एलपी, मिनिटाला ३३ फेरे; छोटी सात इंची ती ईपी, ४५ फेरे. मोठ्या तबकडीवर एकच गाणं कुणी भरेल, हे डोक्यातच येत नाही.

एलपी आली १९४८ साली, अमेरिकेत, कोलंबिया कंपनीची. एका बाजूला साधारण २२ मिनिटं. घरी निवांत बसून ऐकायची चीज. बारा इंची सिंगल मात्र घरासाठी जन्मली नाही. सत्तरीच्या दशकात न्यूयॉर्कच्या डिस्कोंमध्ये डीजेंना लांब गाणी हवी होती. टॉम मोल्टन नावाचा मिक्सिंग करणारा आणि होसे रॉड्रिगेझ हा तबकडी कापणारा तंत्रज्ञ, या दोघांचा किस्सा प्रसिद्ध आहे. सात इंची कोऱ्या चकत्या संपल्या म्हणून त्यांनी एक गाणं मोठ्या चकतीवर कापलं. एवढ्या चकतीवर ते एका कडेला चिमूटभर दिसायला लागलं, म्हणून खाचा पसरवल्या आणि आवाजाची पातळी वाढवली. वाजवून बघितलं तर आवाज असा दणदणीत की मोल्टनला पुन्हा छोट्या चकतीकडे वळावंसं वाटेना. १९७६ मध्ये सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाचं 'टेन पर्सेंट' बारा इंचीवर दुकानात विकायला आणलं. तोवर हा प्रकार डीजेंपुरताच होता.

आवाज का वाढतो, ते इथे नीट सांगायला हवं, कारण खरा फरक तिथेच आहे. खाच म्हणजे आवाजाची नागमोडी वाट. खर्जाचा ठोका आला की ही वाट डावी-उजवीकडे जोरात झुलते आणि जागा खाते. एका बाजूला २२ मिनिटं बसवायची तर खाचा चाळीतल्या खोल्यांसारख्या भिंतीला भिंत लावून येतात. मग खर्जही आवरायचा आणि एकूण आवाजही, नाहीतर एक खाच शेजारणीच्या अंगावर जाते. सिंगलला मोजकीच मिनिटं भरायची असतात, त्यामुळे तिला हातपाय पसरायला ऐसपैस जागा मिळते. त्यात ती ४५ वर फिरणारी असेल तर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ६९ सेंटिमीटर खाच सरकते. ३३ वर तीच सुमारे ५१. लेबलजवळ हे आकडे २८ आणि २१ च्या आसपास उतरतात. म्हणूनच एलपीच्या बाजूचं शेवटचं गाणं थोडं मळकट लागतं, 'स' आणि 'श' फाटतात.

हिप-हॉपला, म्हणजे रॅप ज्यात येतं त्या संगीताला, असा दणका हवाच होता. मिरवणुकीत गाणं चालू असेपर्यंत पोरं चालतात आणि ताशाची तर्री सुरू झाली की थांबून नाचतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ च्या पार्टीपासून ज्याचं नाव घेतात त्या कूल हर्क या डीजेने तेच हेरलं होतं. गाण्यातला नुसता तालाचा तुकडा, ज्याला ब्रेक म्हणतात, तो आला की गर्दी पेटते. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तुकडा लांबवायचा. १९७९ मध्ये शुगरहिल गँग या गटाचं 'रॅपर्स डिलाइट' बारा इंचीवर आलं तेव्हा त्याची लांब आवृत्ती चौदा मिनिटांच्या वर होती. सात इंचीच्या एका बाजूवर ती मावणं शक्यच नव्हतं.

त्या एकाच गाण्याच्या चार रूपांचा अर्थ भाच्याने लावला. तो येऊरच्या पायथ्याशी मित्रांबरोबर मराठीत रॅप करतो. गाणाऱ्याविना असलेलं रूप सुरू झालं आणि हा त्यावर स्वतःच्या ओळी म्हणायला लागला. "मामा, हे आपल्यासाठीच ठेवलंय!" खरंच होतं ते. शिव्या गाळलेलं रेडिओसाठी, मूळ रूप क्लबसाठी, वाद्यांचं इन्स्ट्रुमेंटल रॅप करणाऱ्यासाठी आणि नुसत्या आवाजाचं, म्हणजे अकापेला, दुसऱ्या गाण्याच्या तालावर चढवणाऱ्या डीजेसाठी. एलपी ऐकायची असते, ही वापरायची. माझं पहिल्या दिवशी चुकलं ते एवढंच की मी ती ऐकायला बसलो.

एलपीवर जे मिळतच नाही, तेही सिंगलवर असतं. एरिक बी अँड रकीम या रॅप जोडीची १९८७ ची 'पेड इन फुल' ही एलपी अनेकांकडे असेल. पण त्याच नावाच्या गाण्याचं कोल्डकट या ब्रिटिश जोडीने केलेलं सात मिनिटांचं रूप, ज्यात ओफ्रा हाझा या इस्रायली गायिकेचा आवाज मध्येच वाऱ्याच्या झुळकेसारखा येतो, ते मूळ एलपीवर नाही, सिंगलवर आहे. उलट्या बाजूकडेही दुर्लक्ष नको. १९८३ साली रन-डीएमसी या रॅप गटाने 'इट्स लाइक दॅट' काढलं तेव्हा पाठीमागे 'सकर एमसीज' होतं. नुसता ड्रम मशीनचा कडक ठोका आणि त्यावर शब्द. पुढच्या रॅपवर छाप पडली ती या पाठीमागच्या गाण्याची. दोन्ही गाणी एलपीवर यायला १९८४ उजाडलं.

काही गटांची तर एलपी कधी आलीच नाही. छोटी कंपनी, थोड्या प्रती, एक-दोन सिंगल आणि मग पोरं आपापल्या नोकरीधंद्याला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या अशा मालाला संग्राहक 'रँडम रॅप' म्हणतात. माझ्या खोक्यातल्या निम्म्याहून जास्त नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती. एकीच्या लेबलवर नुसता ब्रुकलिनचा पत्ता. एलपीचं नाव तुम्हाला आधीपासून माहीत असतं, सिंगल मात्र हातात घेऊन लावल्याशिवाय कळत नाही. आणि बिनचेहऱ्याच्या पुठ्ठ्यात असल्यामुळेच ती रद्दीत जाते.

ओळखायची कशी? फक्त वेगावरून ठरवू नका. मीही आधी तिथेच फसलो. अमेरिकेतल्या बऱ्याच हिप-हॉप सिंगल ३३ वरच फिरतात, ब्रिटनमधल्या बहुधा ४५ वर. त्यापेक्षा रेकॉर्ड उजेडात तिरकी धरा. एलपीवर पाच-सहा पट्टे दाटीने दिसतील, सिंगलवर दोन-तीन, आणि खाचा डोळ्यांना विरळ जाणवतील. लेबलवर एकच नाव वेगवेगळ्या शेपट्या लावून आलं असेल तर शंका उरत नाही. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर टोकदार हत्याराने कोरलेली अक्षरंही बघा. हर्ब पॉवर्स ज्युनियर हा तंत्रज्ञ तिथे सही करून एक हसरा चेहरा काढायचा. भोकाच्या पुठ्ठ्यावर मात्र पूर्ण विश्वास नको. माझ्या एकविसांत एक खरोखरच कव्हर हरवलेली एलपी निघाली, आणि फोटोवालं कव्हर असलेल्या सिंगलही असतातच.

ठाण्याच्या पावसाळ्यात पुठ्ठ्यांना बुरशी लागते, म्हणून जुने पुठ्ठे वेगळे बांधून ठेवले आणि रेकॉर्डी नव्या पाकिटांत घातल्या.

टर्नटेबल घरात एकच आहे. परवा भाचा एक ब्रिटिश सिंगल वाजवून गेला आणि बटण ४५ वरच राहिलं. संध्याकाळी बाबांनी त्यांची भावगीतांची एलपी लावली. गायकाचा आवाज एकदम पाच अर्धसूर वर, खारीसारखा. बाबा दारात येऊन उभे राहिले. "तुझं ते रॅप का फॅप झालं की बटण तेहतीसवर आणून ठेवायचं," म्हणाले, "बाकी काय वाजवायचं ते वाजव."