भटजींच्या आधी धवलारीण

बाईने लग्न लावलं, असं कुठे वाचलं की शहरी माणसाला पुणं आठवतं. त्यात चूक काही नाही. शंकरराव थत्त्यांनी १९७०च्या दशकात पुण्यात बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं आणि पुढे ज्ञानप्रबोधिनीने ते काम रीतसर वाढवलं. तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झडला. गंमत अशी की तो वाद चालला होता त्या काळात ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवरच्या आगरी-कोळी गावांत बायका लग्नं लावतच होत्या. कोणाला विचारून नव्हे, आणि आपण काही क्रांती करतोय असं वाटून तर मुळीच नव्हे.

तिला म्हणतात धवलारीण. तिच्याकडे पोथी नसते, सगळं पाठ असतं. हळद लावायची, उंबर आणायचा, मांडवात देवांना आवतण द्यायचं, नवरा-नवरीला बसवायचं, या प्रत्येक टप्प्याचा धवला, म्हणजे विधीचं गाणं, वेगळा. ती गाते आणि मागून बायका झेलतात. पुढे काय करायचं ते गाण्यातच असतं, त्यामुळे तिचं गाणं संपल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. ‘लग्नातली लोकगीतं’ म्हणून धवल्यांची बोळवण करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. मंगलाष्टकांना कोणी लोकगीत म्हणत नाही.

शब्द फार जुना आहे. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो. काळाचा काला, डोळ्याचा डोला, तसा धवळ्याचा धवला. आणि ‘धवळे’ म्हटलं की मराठी शिकलेल्या कोणालाही महदंबा आठवावी. मराठीतली ही आद्य कवयित्री तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. रिद्धपूरला पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांनी लग्नाचा खेळ मांडायला लावला तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. तिचे धवळे तिथून खाडीकाठी आले असं मी सुचवत नाही. उलट, लग्नात बायकांनी धवळे गायची रीत लोकांत आधीच होती आणि तो साचा तिने उचलला, असं समजणं जास्त सरळ आहे. महदंबा विधवा होती. पुढच्या काळात ज्या बाईला मांडवात पुढे येऊ दिलं नसतं, तिच्या तोंडी मराठीतली लिहून राहिलेली पहिली लग्नगाणी आहेत.

जुन्या ठाणे जिल्ह्यात ही रीत एकट्या आगऱ्यांची नव्हती. डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांत लग्न लावणारी बाई म्हणजे धवलेरी. भिंतीवर पालघट देवीचा चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायच्या त्याही सवाशिणीच. १९७०च्या दशकात हीच चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा म्हशे यांचं नाव देशाबाहेर गेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाताची ताकद निर्विवाद. पण बायकांच्या विधीतलं काम बाजारात आलं की ते पुरुषांचं कसं होतं, याचा एवढा स्वच्छ दाखला दुसरा सापडायचा नाही. (डहाणू-तलासरीचा हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला.)

आगरी गावांत मात्र धवलारणीला कोणी मनाई केली नाही. ती हळूहळू बाजूला पडली. म्हाताऱ्या सांगतात, आधी भटजी धवलारणीच्या जोडीला आले आणि मग मांडव त्यांचाच झाला. भटजीने लावलेलं लग्न म्हणजे मानाचं, ही समजूत त्यामागे होतीच. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं ते ही समजूत मोडायला. खाडीकाठी चाललं होतं ते नेमकं उलट: जे भटजीवाचून होत होतं तिथे भटजी येत होते.

मग जमीन गेली. १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. मिठागरं गेली, भातखाचरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. अंगणाच्या जागी इमारत उभी राहिली, लग्न हॉलमध्ये गेलं. हॉल तासांवर मिळतो. धवल्यांना रात्र लागते. हळदीची रात्र उरली खरी, पण ती डीजेने घेतली. स्पीकरच्या भिंतीसमोर सत्तरीच्या बाईचा आवाज किती टिकणार?

आता काही घरांत धवलारीण पुन्हा बोलावली जाते. पोरी आज्यांचे धवले मोबाईलवर उतरवून घेतात. त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र पुण्यातल्या स्त्री-पुरोहितांपेक्षा वेगळा आहे. त्या स्त्रियांना पुरुषांच्या हातातली पोथी मिळवायची होती. या पोरींना मिळवायचं काही नाही, हातचं सुटू द्यायचं नाही. पण सगळंच जसंच्या तसं ठेवायचं का? सासरी मान खाली घालून राहा, असं शिकवणाऱ्या ओळी गाताना आजची मुलगी अडखळणारच. तोंडी परंपरेत त्याला वाव आहे. दर धवलारीण आपली ओळ घालत, गाळत आली. छापलेल्या पोथीत ते इतकं सोपं नसतं.

कायद्याची अडचण नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं ७वं कलम दोघांपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढीप्रमाणे लावलेलं लग्न मान्य करतं. अडतं ते नोंदणीच्या अर्जापाशी. तिथे लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव, वय, पत्ता आणि सही यांना रकाना असतो. धवल्यांवर लग्न लागलेलं असूनही त्यात बहुतेकदा कोणा भटजीचं नाव पडतं, कारण धवलारणीला विचारायचं घरच्यांच्या डोक्यातच येत नाही. ती तेव्हा मागे बायकांत बसलेली असते, पान लावत.