अमली पदार्थांचे गुन्हे आणि घरांची जप्ती (अमेरिका)

अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी वापरलेले घर, दुकान किंवा जमीन सरकारजमा करण्याची अमेरिकेतील कायदेशीर पद्धत. फौजदारी खटल्यात दोष सिद्ध झाल्यावर ही कारवाई होते, तशीच स्वतंत्र दिवाणी दाव्यानेही होते. दिवाणी दाव्यात प्रतिवादी म्हणून माणूस नव्हे, ती वास्तूच उभी असते. त्यामुळे मालकावर साधा आरोपही नसताना त्याचे घर जाऊ शकते. या पद्धतीवरचा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

वस्तूलाच दोषी धरण्याची ही रीत जुन्या सागरी कायद्यातली. चाचेगिरी किंवा तस्करी करणाऱ्या जहाजाचा मालक परमुलखात असे, हाती लागे ते जहाज. तेव्हा तिथे या रीतीला अर्थ होता. १९७० च्या संघीय अमली पदार्थ कायद्याने ती वाहने आणि बोटींना लावली, १९७८ मध्ये गुन्ह्यातून मिळालेल्या पैशाला आणि १९८४ मध्ये स्थावर मालमत्तेला. एक वर्षाहून अधिक कैदेस पात्र असा गुन्हा घडण्यास वास्तूचा उपयोग झाला, एवढे त्यासाठी पुरे. लिलावाचा पैसा तपास यंत्रणांकडेच वळवणारा निधीही १९८४ मध्येच उभा राहिला. संघीय कारवाईत साथ देणाऱ्या स्थानिक पोलिसांना उत्पन्नाचा ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळू लागला. जप्ती करणाऱ्यालाच जप्तीतून लाभ, ही या व्यवस्थेतली सर्वांत घातक तरतूद म्हणावी लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दोनदा लगाम घातला. साउथ डकोटातील एका माणसाने आपल्या गॅरेजमध्ये दोन ग्रॅम कोकेन विकले होते; सरकारने ते गॅरेज आणि त्याचे राहते फिरते घर, दोन्ही मागितले. अशी जप्ती हा एक प्रकारचा दंडच आहे, म्हणून अवाजवी दंडाला मनाई करणारी आठवी घटनादुरुस्ती तिला लागू होते, असे न्यायालयाने ठरवले. दुसरे प्रकरण हवाईचे. १९८५ मध्ये एका घरात सुमारे ४० किलो गांजा सापडला, मालकाने शिक्षा भोगली, आणि साडेचार वर्षांनी, १९८९ मध्ये, सरकारने त्याला न कळवताच घराचा ताबा घेतला. घरात भाडेकरू होते. त्यांना काढले नाही. महिन्याचे ९०० डॉलर भाडे मात्र मालकाऐवजी सरकारी अधिकाऱ्याकडे भरायला लावले. जहाज पळून जाते, घर जागचे हलत नाही. तेव्हा अपवादात्मक निकड नसेल तर आधी नोटीस आणि सुनावणी हवीच, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला.

२००० च्या सुधारणा कायद्याने सिद्धतेची जबाबदारी सरकारवर टाकली. गुन्ह्याशी वास्तूचा भरीव संबंध दाखवणे आवश्यक झाले. राहते घर पणाला लागलेल्या गरीब मालकाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याची सोय झाली. आपल्याला गुन्ह्याची माहिती नव्हती, किंवा कळल्यावर तो थांबवण्यासाठी शक्य ते सर्व केले, हे निर्दोष मालकाने दाखवले तर घर वाचते. ते दाखवण्याचा भार मात्र आजही त्याच्यावरच आहे.

मॅसॅच्युसेट्समधील ट्यूक्सबरी येथील कॅसवेल मोटेलचा खटला या कसोटीचा उत्तम नमुना आहे. सरकारने मोटेलमधल्या १४ वर्षांतल्या अमली पदार्थांच्या १५ घटना पुढे केल्या. त्या काळात खोल्या जवळजवळ दोन लाख वेळा भाड्याने गेल्या होत्या. मालकावर कोणताही आरोप नव्हता. जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला.

राज्यांचे कायदे वेगळे, आणि तिथे संरक्षण अनेकदा तोकडे. फिलाडेल्फियात एक हजाराहून अधिक घरे अशा दाव्यांत गेली. सुनावणी सिटी हॉलच्या ४७८ क्रमांकाच्या दालनात होई. तिथे न्यायाधीश नसत, कामकाज सरकारी वकीलच चालवत. मुलाने ४० डॉलरचे हेरॉइन विकले म्हणून २०१४ मध्ये आईवडिलांच्या घराला सील लागले. त्यांनी इतरांसह लढा दिला आणि २०१८ मध्ये शहराला तडजोड करून ही पद्धत बदलावी लागली. न्यू मेक्सिकोने तर २०१५ मध्ये दिवाणी जप्तीच बंद केली.

भारतातील तरतूद निराळी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात १९८९ मध्ये घातलेले प्रकरण ५-क अमली पदार्थांच्या पैशातून घेतलेल्या मालमत्तेवर रोख धरते. घर नुसते गुन्ह्यासाठी वापरले गेले म्हणून या प्रकरणाखाली जात नाही. जाणूनबुजून ते वापरू देणाऱ्याला कलम २५ खाली शिक्षा होते. तपास अधिकाऱ्याने गोठवलेल्या मालमत्तेला सक्षम प्राधिकाऱ्याची ३० दिवसांत मंजुरी लागते. नातेवाइकांच्या नावावरची मालमत्ताही कक्षेत येते आणि ती सचोटीच्या कमाईची आहे हे संबंधितालाच सिद्ध करावे लागते. अटकेच्या सहा वर्षांहून आधी घेतलेल्या मालमत्तेला मात्र या प्रकरणाखाली हात लावता येत नाही.