धुणे, खळबळणे, पिळणे : फ्रंट लोड वॉशिंग मशीनमधील तीन टप्पे

फ्रंट लोड वॉशिंग मशीन म्हणजे समोरून दार उघडणारे आणि आडव्या आसाभोवती ड्रम फिरवून कपडे धुणारे यंत्र. त्याचा कोणताही प्रोग्रॅम लावला तरी आत तीनच कामे होतात. साबणाच्या पाण्यात मळ सुटतो, सुटलेला मळ आणि साबण स्वच्छ पाण्याने निघून जातो, आणि शेवटी कपड्यांतले पाणी बाहेर फेकले जाते. पॅनेलवर यांनाच वॉश, रिन्स आणि स्पिन म्हणतात. तिन्ही कामे एकाच ड्रममध्ये, एकाच मोटरवर होतात. दर टप्प्याला बदलते ते पाणी, उष्णता आणि वेग, आणि त्यातही वेग सर्वांत महत्त्वाचा.

मशीन घेताना चौकशी होते ती किती किलोचे आणि स्पिन किती आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांचा, याची. खळबळण्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. खरे तर धुतलेला कपडा अंगाला कसा लागणार हे त्याच टप्प्यात ठरते, आणि खळबळणे चांगले होणे हे मधल्या पिळण्यावर अवलंबून असते. म्हणून हे तीन टप्पे सुटे सुटे समजून घेता येत नाहीत.

रचना

आतला ड्रम स्टेनलेस स्टीलचा, भोके असलेला. त्याच्या भोवती पाणी धरून ठेवणारा बंद टब. ड्रमच्या आतल्या बाजूला सहसा तीन उंचवटे असतात. ते कपड्यांना वर उचलून नेतात. टब वरून स्प्रिंगांना टांगलेला आणि खालून दांड्यांसारख्या शॉकअॅब्सॉर्बरवर टेकलेला असतो. त्याला काँक्रीटची वजने बांधलेली असतात. हे यंत्र उचलायला इतके जड का, याचे मुख्य उत्तर ती वजनेच. १९३७ मध्ये अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने घरगुती वापराचे पहिले स्वयंचलित मशीन दाखवले, तेही समोरून उघडणारेच होते. त्यात असा झुलता आधार नव्हता, म्हणून ते जमिनीला बोल्टने घट्ट आवळावे लागे.

धुणे

धुण्याच्या टप्प्यात ड्रम मिनिटाला साधारण ४५ ते ५५ फेरे घेतो. हा आकडा मनाला येईल तसा ठरवलेला नाही. सुमारे ४८ सेंटिमीटर व्यासाच्या ड्रमचा वेग मिनिटाला ६० फेऱ्यांच्या थोडा वर गेला, की कपडे भिंतीला चिकटून ड्रमबरोबरच फिरू लागतात आणि खाली पडायचे थांबतात. वेग फारच कमी ठेवला तर ते तळाशी नुसते लोळतात. या दोन्हींच्या मधला वेग असा, की कपडा भिंतीबरोबर वर चढतो, माथ्याच्या थोडा अलीकडे भिंत सोडतो आणि खालच्या उथळ पाण्यात आपटतो. काचेतून हे स्पष्ट दिसते. ओला टॉवेल वर जाताना जड, गोळा झालेला असतो, सुटताना क्षणभर उलगडतो आणि धप्पकन पडतो. हातधुण्यात आपटण्याने जे होते तेच इथे मिनिटाला कित्येक वेळा, पण अगदी कमी उंचीवरून होते. मध्येच ड्रम थांबून उलट्या दिशेने फिरतो, नाहीतर बाह्या आणि नाड्या एकमेकींत गुरफटून दोरखंड झाला असता.

कपडे पाण्यात पोहत नसल्याने पाणी कमी लागते. पाच किलो सुती कपड्यांना धुण्यापुरते १५ लिटरच्या आसपास पाणी पुरते आणि त्यातले बरेचसे कपडेच पिऊन टाकतात. काचेतून पाणी जवळजवळ दिसतच नाही. म्हणून मशीनमध्ये पाणीच येत नाही अशी शंका पुष्कळांना येते, ती निराधार असते. पाणी कमी म्हणजे तापवायलाही कमी. १२ लिटर पाणी २०° से. वरून ६०° से. वर न्यायला सुमारे ०.५६ युनिट वीज लागते, ४०° पर्यंत न्यायला त्याच्या निम्मी. गरम पाण्याच्या प्रोग्रॅममध्ये विजेचा सर्वांत मोठा वाटा या तापवण्यातच जातो.

हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुलाईचे चार घटक एका वर्तुळात मांडले : रसायन, हालचाल, तापमान आणि वेळ. एक कमी केला तर उरलेल्यांपैकी कशाने तरी ती उणीव भरून काढावी लागते. वीज वाचवणारा ‘इको’ प्रोग्रॅम तीन-तीन तास का चालतो, याचे उत्तर इथे आहे. त्यात तापमान उतरवलेले असते, म्हणून वेळ वाढवलेला असतो. पंधरा मिनिटांचा ‘क्विक’ प्रोग्रॅम वेळेलाच कात्री लावतो, म्हणून तो एक-दोन किलो, जेमतेम मळलेल्या कपड्यांपुरता ठीक. त्यात ड्रम भरून घामट कपडे टाकणे म्हणजे ते फक्त ओले करून काढणे.

पावडरीतली एन्झाइमे प्रथिने, स्टार्च आणि तेलकटपणा यांचे तुकडे करतात. त्यांना कोमट पाणी मानवते. फार तापलेल्या पाण्यात ती निकामी होतात. रक्ताचा किंवा अंड्याचा डाग थेट कडकडीत गरम पाण्यात घातला तर प्रथिने गोठून धाग्यात पक्की बसतात, म्हणून असा कपडा आधी थंड पाण्यात भिजवावा.

फेस जास्त झाला म्हणजे कपडे जास्त स्वच्छ होतात, ही समजूत या यंत्रात उलटी पडते. फेसाची गादी झाली की पडणारा कपडा आपटत नाही, अलगद उतरतो. फ्रंट लोडसाठी कमी फेसाची वेगळी पावडर असते ती याचसाठी. हाताने धुण्याची, भरपूर फेस करणारी पावडर यात घातली तर धुणे बिघडतेच, आणि पुढचे दोन्ही टप्पेही बिघडतात.

खळबळणे

खळबळणे म्हणजे साबणाचे पाणी पातळ करत जाणे. ते किती पातळ होणार, हे आपण नवे पाणी किती घेतो यापेक्षा कपड्यांत जुने पाणी किती उरले यावर जास्त ठरते. ही गोष्ट आकड्यांत पाहिली की लगेच पटते.

समजा, पाच किलो कपडे १६ लिटर पाण्यात ६० ग्रॅम पावडर घालून धुतले. पाणी सोडून मशीनने एकदा स्पिन केले आणि कपड्यांत ४ लिटर पाणी उरले. म्हणजे पावडरही चौथाई, १५ ग्रॅम उरली. आता १२ लिटर स्वच्छ पाणी घेतले, खळबळले, पुन्हा स्पिन केले. पुन्हा चौथाई, म्हणजे ३.७५ ग्रॅम. दुसऱ्या खळबळीनंतर सुमारे ०.९४ आणि तिसऱ्यानंतर ०.२३ ग्रॅम.

हेच मधले स्पिन वगळून केले तर? पाणी नुसते सोडून दिल्यावर कपड्यांत १२ लिटर तरी राहते, आणि त्याबरोबर ४५ ग्रॅम पावडर. दर वेळी १२ लिटर नवे पाणी घेऊन ती निम्मी होते : २२.५, ११.२५ आणि शेवटी ५.६ ग्रॅम. पाणी तितकेच वापरले, खळबळही तीनदाच केली, पण कपड्यांत राहिलेली पावडर जवळजवळ चोवीसपट. आणि स्पिन ठेवून ३६ लिटर पाणी एकदमच ओतले असते तरी १५ ग्रॅमचे दीड ग्रॅम झाले असते. ०.२३ च्या तुलनेत तेही पुष्कळच.

हा हिशोब सर्व पाणी एकजीव मिसळते असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात शिवणीत, जाड काठात आणि टॉवेलच्या फासांत साबणाचे पाणी अडून बसते, साबणाचे काही रेणू धाग्यालाच चिकटतात. म्हणून खळबळताना ड्रम फिरत राहावा लागतो आणि पाण्याची पातळी बहुतेक प्रोग्रॅममध्ये धुण्याच्या वेळेपेक्षा जास्त ठेवतात. हिशोबाचा कल मात्र प्रत्यक्षातही तोच राहतो. हाताने धुणारी माणसे दोन बादल्यांच्या मध्ये कपडा पिळून घेतात, ते याच कारणाने.

फेसाचा खरा उपद्रव इथे समजतो. फेस ड्रम आणि टब यांच्या मधल्या फटीत भरला की ड्रमला वेग घेता येत नाही. मोटरवरचा भार वाढलेला पाहून मशीन स्पिन थांबवते, फेस बसायची वाट पाहते, कधी जादा पाणी घेते. मधले स्पिन नीट झाले नाही की वरच्या हिशोबातली चौथाई निम्म्याकडे सरकते. म्हणजे जास्त पावडर दोनदा नडते : धुवून काढायचा साबण वाढतो आणि तो काढण्याची ताकद घटते. पावडर मोजून घालणे हा खळबळणे सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ‘एक्स्ट्रा रिन्स’चे बटण त्यानंतर. तान्ह्या बाळाचे कपडे, नाजूक त्वचा, जाड टॉवेल, किंवा फेस लवकर न सोडणारे मऊ पाणी असेल तर मात्र ते जरूर दाबावे. युरोपीय संघाच्या नियमांत मार्च २०२१ पासून खळबळण्यालाही मर्यादा घातली आहे : किलोभर कपड्यांमागे उरणारे साबणद्रव्य ५ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

कपडे मऊ करणारे द्रव्य शेवटच्या खळबळीतच सोडले जाते, त्याचा वेगळा कप्पा त्यासाठीच. त्यातले रेणू धन भाराचे आणि साबणातले मुख्य रेणू ऋण भाराचे असतात. दोन्ही एकत्र आले तर एकमेकांना निकामी करतात. ते पावडरीच्या कप्प्यात ओतून काही साधत नाही.

पिळणे

मराठीत या टप्प्याला पिळणे म्हणतात, पण यंत्रात कपड्याला पीळ कुठेच पडत नाही. कपडा भिंतीला दाबला जातो आणि पाणी भोकांतून बाहेर जाते. हे अतिवेगाने केलेले निथळणे आहे. ४८ सेंटिमीटरचा ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेतो तेव्हा कपड्यावरचा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८५ पट असतो आणि ड्रमची कड ताशी १०८ किलोमीटर वेगाने धावत असते. वेग दुप्पट केला की ओढा चौपट होतो : ४०० फेऱ्यांना साधारण ४३ पट, ८०० ला १७२ पट.

पाणी मात्र त्या प्रमाणात निघत नाही. ८०० फेऱ्यांवर सुती कपड्यांत कोरड्या वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी उरते, १००० ला ६० च्या आसपास आणि १४०० ला ५० च्या. मोकळे पाणी पहिल्यांदा निघून जाते. धाग्यांच्या आत धरलेले कितीही फिरवा, हटत नाही. दोरीवर वाळवणाऱ्याला १००० आणि १४०० मधला फरक काही तासांचा. ड्रायर वापरणाऱ्याला तो विजेचा आहे, कारण एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटाच्या जवळपास वीज जाते. पाणी तापवून उडवण्यापेक्षा फिरवून काढणे केव्हाही स्वस्त.

पूर्ण वेग शेवटच्या काही मिनिटांपुरताच असतो. आधी मशीन ८० ते १०० फेऱ्यांवर कपडे भिंतीला सारखे पसरवून पाहते. ते सारखे पसरले नाहीत तर थांबते, उलटसुलट हलवते, पुन्हा प्रयत्न करते. ही खबरदारी फार मोलाची आहे. एका बाजूला अर्धा किलो जास्त असेल, तर १२०० फेऱ्यांवर ड्रमला दर फेऱ्यात जवळजवळ १९० किलो वजनाइतका हिसका बसतो. एकटी बाथमॅट किंवा एकच जाड चादर घातली की मशीन वेग घ्यायला कचरते, ते यामुळे. त्याच्याबरोबर दोन-तीन टॉवेल टाकले की बहुधा काम होते. नवे मशीन पहिल्याच स्पिनला खोलीभर सरकू लागले, तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढायचे राहिले आहेत का ते आधी पाहावे.

कापडानुसार बदल

सुती कपड्यांना तिन्ही टप्पे पूर्ण जोरात चालतात. सिंथेटिक कापड गरम असताना जोरात फिरवले तर चुण्या पक्क्या बसतात. म्हणून त्या प्रोग्रॅममध्ये पाणी हळूहळू निववतात, ड्रम निम्माच भरायचा असतो आणि स्पिन बेताचा ठेवतात. लोकरीची गोष्ट वेगळी. तिच्या धाग्यावर खवले असतात; ओल्यात घासले की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा होतो. त्यामुळे लोकरीच्या प्रोग्रॅममध्ये ड्रम पाळण्यासारखा हलतो, तोही मध्ये मध्ये थांबून, आणि पाणी जास्त असते. लोकरीला धोका पिळण्यापेक्षा घासण्याचा जास्त, कारण स्पिनमध्ये भिंतीला दाबलेले कपडे एकमेकांवर घासतच नाहीत. हाताने पीळ देऊन स्वेटर ताणण्यापेक्षा मध्यम वेगाचा स्पिन त्याला सोसतो.

‘रिन्स होल्ड’ हा पर्याय शेवटच्या खळबळीचे पाणी तसेच ठेवून थांबतो. कपडे लगेच काढायला घरी कोणी नसेल तेव्हा चुरगळणे टाळण्यासाठी तो आहे.

बिघाड कोणत्या टप्प्याचा

गडद कपड्यांवर पांढरी भुकटी दिसली की दोष खळबळण्याला दिला जातो. पुष्कळ पावडरींत पाणी मऊ करणारे झिओलाइट असते, ते पाण्यात विरघळत नाही. कपडे वाळल्यावर झटकून भुकटी गेली तर बहुधा तेच. गडद कपड्यांना द्रवरूप साबण वापरावा. कपडे वाळूनही कडक, किंचित चिकट लागत असतील, तर मात्र साबण राहिला आहे.

कपडे ओलेच निघाले तर स्पिन बिघडला असे वाटते, पण मूळ अनेकदा पंपापाशी असते. टबमधले पाणी ओसरल्याशिवाय मशीन वेग घेत नाही. खालच्या कोपऱ्यातल्या झाकणामागच्या फिल्टरमध्ये नाणे, केसपिन किंवा धाग्यांचा गोळा अडकला की पाणी रेंगाळते आणि स्पिन सुरूच होत नाही. गरम प्रोग्रॅम नुकताच झाला असेल तर आधी पाणी निवू द्यावे, मशीनचा प्लग काढावा, खाली पसरट भांडे धरावे आणि झाकण थोडे थोडे सैल करत पाणी काढून घ्यावे. फिल्टर स्वच्छ करून परत घट्ट बसवल्यावर नुसता स्पिन लावून पाहावा.