नेट बंद पडलं? फोन लावायच्या आधी काळ्या स्क्रीनवर एवढं बघून घ्या

सांगली, मिरज, कुपवाडमधल्या आमच्या सगळ्या ग्राहकांसाठी

नेट बंद पडलं की पहिला फोन आम्हाला येतो आणि यायलाच पाहिजे, वायरिंग आम्ही केलंय, राऊटर आम्ही बसवलाय. पण नुसतं "नेट चालत नाही" एवढंच कळलं तर बिघाड तुमच्या कॉम्प्युटरात आहे, वायरीत आहे का लाईनवाल्या कंपनीकडं आहे हे आम्हाला इथं बसून कळत नाही, मग माणूस विश्रामबागेतून कुपवाड एमआयडीसीला येतो आणि आल्यावर समजतं की लाईनच बाहेरून गेलीय, तोवर तुमचं बिलिंग अर्धा दिवस ठप्प. हे टाळता येतं. विंडोजमध्येच काळ्या स्क्रीनवर टाईप करायच्या साध्या कमांड असतात, वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही, आणि आम्ही इथं सांगतोय त्यातल्या बहुतेक नुसतं बघायचं काम करतात, त्यामुळं बिघडेल म्हणून घाबरू नका.

त्याच्याही आधी राऊटरजवळचा फायबरचा डबा बघा. एलओएस लिहिलेला लाल दिवा लागलाय? मग फायबरमधून सिग्नलच येत नाही. पुढचं काही करत बसू नका, सरळ लाईनवाल्यांकडं तक्रार टाका.

दिवे ठीक असतील तर कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, सी-एम-डी टाईप करून एंटर मारा. काळी स्क्रीन येते. तिथं टाईप करायचं आयपीकॉन्फिग, स्पेलिंग आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी, सगळं जोडून. बऱ्याच ओळी येतात, तुम्ही फक्त दोन बघा, आयपीव्ही४ अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला तुमच्या कॉम्प्युटरचा नंबर, आणि डिफॉल्ट गेटवे. अॅड्रेस १९२.१६८ नं सुरू होत असेल तर बहुतेक ठिकाणी बरोबर आहे, गेटवे म्हणजे तुमचा राऊटर. पण अॅड्रेस १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राऊटरकडून अॅड्रेस मिळालाच नाही आणि कॉम्प्युटरनं स्वतःच एक घेऊन टाकलाय. लाईट जाऊन आल्यावर हे फार दिसतं, कारण राऊटर इन्व्हर्टरवर असतो आणि कोपऱ्यातला नेटच्या वायरी जोडायचा स्विच साध्या प्लगवर, त्याचं अडॅप्टर सैल झालेलं असतं. वायर, स्विच बघून घ्या, मग आयपीकॉन्फिग, एक स्पेस, तिरकी रेघ (/) आणि रिन्यू असं टाईप करा, नवीन अॅड्रेस मागितला जातो. रिलीज, म्हणजे मिळालेला अॅड्रेस सोडायची कमांड, मात्र करू नका, विशेषतः आमचा माणूस तुमच्या स्क्रीनवर लांबून जोडलेला असताना, अॅड्रेस सुटला की आमचं कनेक्शनही तुटतं.

आता पिंग, पी-आय-एन-जी. हे सगळ्यात कामाचं. पिंग, स्पेस आणि गेटवेचा नंबर, तुमच्याकडं १९२.१६८.१.१ असेल तर तो, आकडे इंग्रजीत टाका. विंडोज चार वेळा हाक मारतं. "रिप्लाय फ्रॉम" आणि पुढं टाईम १ एमएस (मिलिसेकंद) वगैरे आलं तर राऊटरपर्यंत रस्ता मोकळा आहे. "रिक्वेस्ट टाइम्ड आऊट" आलं तर उत्तर आलं नाही. आणि एक ठिकाण नीट बघा: कधीकधी "रिप्लाय फ्रॉम" लिहिलेलं असतं पण पुढं स्वतःच्याच कॉम्प्युटरचा नंबर आणि "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल", आणि खाली लॉस ० टक्के दाखवतं. लोक त्या शून्यावर विश्वास ठेवतात. ते उत्तर राऊटरचं नाही, तुमच्याच मशीननं दिलंय की समोरचा सापडला नाही.

राऊटर उत्तर देतोय? मग पिंग ८.८.८.८ करा, हा गूगलचा सर्व्हर. इथं टाइम्ड आऊट आलं तर बिघाड राऊटरच्या पलीकडं असायची शक्यता जास्त, म्हणजे लाईनवाल्यांकडं. उत्तर आलं पण वेबसाईट उघडत नसेल तर पिंग गूगल डॉट कॉम करून बघा, नाव सापडत नाही असं आलं तर डीएनएसचा, म्हणजे वेबसाईटच्या नावावरून नंबर शोधून देणाऱ्या सोयीचा, घोळ आहे, आयपीकॉन्फिग तिरकी रेघ फ्लशडीएनएस मारा, तरी नाही झालं तर आम्हाला कळवा.

नेट चालू आहे पण रडतंय, तेव्हा दोन काळ्या खिडक्या उघडा, एकीत राऊटरला पिंग, दुसरीत ८.८.८.८ ला, दोन्हीच्या शेवटी स्पेस देऊन डॅश टी लावा म्हणजे पिंग थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबलं की थांबतं. राऊटरच्याच खिडकीत वेळ १०० एमएसच्या वर उड्या मारत असेल तर आपला वायफाय बघायला हवा. ती खिडकी शांत आणि दुसरीच अडखळतेय तर लाईन. दोन्ही खिडक्यांचा एका फोटोत फोटो काढा, लाईनवाल्यांशी बोलताना हा फोटो असला की वाद कमी होतो.

आणि एक मनापासून सांगायचं. मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून घरचा जुना राऊटर आणून स्विचला जोडू नका. मार्केट यार्डातल्या दुकानांत हे आम्हाला बऱ्याचदा सापडतं: दोन्ही राऊटर अॅड्रेस वाटायला लागतात, निम्म्या कॉम्प्युटरांचा गेटवे १९२.१६८.१.१ आणि निम्म्यांचा १९२.१६८.०.१, नेट कधी चालतं कधी नाही, एका टेबलावरून पावती छापते आणि शेजारच्यावरून प्रिंटर दिसतच नाही, आणि सगळे प्रिंटरला दोष देतात. शंका आली तर दोन कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग करा, गेटवे वेगळे दिसले की जास्तीच्या राऊटरची वायर काढा. तोच राऊटर अॅक्सेस पॉईंट मोडला, म्हणजे अॅड्रेस न वाटता नुसता वायफाय देईल असा, लावून देता येतो, आम्हाला सांगा.

प्रिंटर आणि कॅमेऱ्याच्या डीव्हीआरवर आम्ही नंबरचं स्टिकर लावलंय, त्यालाही पिंग करता येतं. दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरनं मात्र उत्तर दिलं नाही तर तो बंदच आहे असं समजू नका, त्याचा फायरवॉल अडवत असतो. ट्रेसआरटी म्हणून अजून एक कमांड आहे, वाटेतले टप्पे दाखवते, मधे एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या आल्या तरी काळजी नको, काही राऊटर उत्तरच देत नाहीत.

अनोळखी फोनवर कुणी हीच काळी स्क्रीन उघडायला लावून "हे बघा हॅकर जोडलेत" म्हणाला तर फोन ठेवा. चालू कनेक्शन दाखवणाऱ्या नेटस्टॅट कमांडला "फॉरेन अॅड्रेस", म्हणजे नुसतं पलीकडचं टोक, असा रकाना येतो, तो प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर येतो, त्याच्यावरूनच लोकांना घाबरवून पैसे काढतात.

आम्हाला व्हॉट्सअॅप करताना आयपीकॉन्फिगचा आणि दोन्ही पिंगचा फोटो, एकाच कॉम्प्युटरवर बंद आहे का सगळीकडं, आणि कधीपासून, एवढं पाठवा.