७५ राउंडचं गणित जरा नीट बघा

जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन या अमेरिकन बॉक्सरांची १८८९ ची मिसिसिपीतली फाइट म्हटली की लगेच कोणीतरी सुरू होतंच, "७५ राउंड बिनग्लोव्हजचे, आजचे बॉक्सर १२ मध्येच गार पडतात!" अहो पण राउंड म्हणजे तीन मिनिटं हा हिशोब तिथे लागूच नाही. लंडन प्राइझ रिंगच्या, म्हणजे बिनग्लोव्हज बॉक्सिंगच्या जुन्या, नियमात एकजण खाली पडला की राउंड संपला, मग ३० सेकंद विश्रांती आणि पुढच्या ८ सेकंदात रिंगच्या मधल्या रेघेपाशी येऊन उभं राहायचं, बस. ती अख्खी फाइट साधारण सव्वादोन तास चालली, विश्रांती वजा केली तर राउंडला सरासरी दीड मिनिटही येत नाही, आणि किलरेन तर बऱ्याचदा हलका फटका बसला की मुद्दाम खाली बसायचा, तेवढाच श्वास घ्यायला. उलट १८८८ ला फ्रान्समध्ये सलिव्हन आणि इंग्लिश बॉक्सर चार्ली मिचेल यांचे फक्त ३९ राउंड झाले पण वेळ तीन तासांच्या वर, आता सांगा मोठी कुठली? मिसिसिपीच्या जुलैच्या उन्हात ४४व्या राउंडला ओकारी होऊनही सलिव्हन लढत राहिला, दम होताच गड्यात, पण तो राउंड मोजून कळत नाही.